मेस्सीची बदली

रायपूर हे बदल्यांचं गाव आहे. 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं. तेव्हापासून इथल्या दर दुसऱ्या घरात एक माणूस बदली होऊन आलेला असतो, नाहीतर बदली टाळून बसलेला असतो, नाहीतर बदल्यांच्या यादीकडे डोळे लावून तरी असतो. आम्हा मराठी मंडळींचं तर मूळच बदलीत आहे. नागपूरकर भोसल्यांनी छत्तीसगड घेतलं तेव्हा कुणी फौजेबरोबर, कुणी दप्तर काखोटीला मारून इकडे आलं आणि परतीचा आदेश काही निघाला नाही. तात्यापाऱ्यात अजून काही दारांवर आमची आडनावं दिसतात. सुकमा म्हटलं की इथला सरकारी माणूस दचकतो आणि अंबिकापूर म्हटलं की स्वेटर शोधायला लागतो. बदली का होते, कुणाच्या सहीने होते, कुणाच्या फोनने थांबते, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणून ऑगस्ट 2020 मध्ये, लिओनेल मेस्सी बार्सिलोना सोडणार असं कानावर आल्यावर माझ्या भाच्याने जेवणाचं ताट सारलं, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकच गोष्ट विचारली: प्रशासकीय बदली की स्वतःच्या विनंतीवरून? कारण विनंतीवरून असेल तर प्रवासभत्ता मिळत नाही.

"मामा, तिथे बदली म्हणजे शिक्षा नसते," भाचा म्हणाला. "पगार वाढतो."

"मग रडायचं कशाला?"

"तो नाही रडत. आपण रडतो."

हे काही आमच्या डोक्यात शिरेना. आमच्याकडे ज्याची बदली होते तो रडतो. मागे राहणारे शाल-श्रीफळ देतात, समोसा खातात आणि दुपारपर्यंत त्याची खुर्ची खिडकीजवळ ओढून घेतात. फुटबॉलमध्ये जाणारा विमानात बसतो आणि साडेसात हजार किलोमीटरवर, ज्यांनी त्याला कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही अशी पोरं उपाशी झोपतात. बरं, ही पोरं बार्सिलोनाला "ते" म्हणत नाहीत, "आपण" म्हणतात. "काल आपण फार वाईट खेळलो." "आपल्यावर कर्ज झालंय." यातल्या एकानेही नागपूरच्या पुढे पश्चिमेला पाऊल टाकलेलं नव्हतं. अंगात पंडरीच्या कपडा बाजारातली अडीचशे रुपयांची दहा नंबरची जर्सी, आणि तोंडात "विस्का बार्सा". सहा वर्षं राहून जे छत्तीसगडी बोलत नाहीत ते कॅटलान बोलायला लागले होते.

प्रकरणाची सुरुवात मात्र राष्ट्रीय सणाला झाली. लिस्बनमध्ये 14 ऑगस्टची रात्र होती, आपल्याकडे 15 ऑगस्टचे साडेबारा वाजून गेले होते. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व सामन्यात बायर्न म्युनिकने बार्सिलोनाला 8-2 ने धुतलं. त्यातले शेवटचे दोन गोल फिलिपे कुटिन्योचे. हा कुटिन्यो बार्सिलोनाचाच माणूस, त्यांनीच बायर्नला लोनवर दिलेला. प्रतिनियुक्तीवर गेलेल्या कर्मचाऱ्याने मूळ खात्यावरच धाड घालावी, असा हा प्रकार. सकाळी झेंडावंदनाला भाचा सुजलेल्या डोळ्यांनी उभा राहिला. राष्ट्रगीत संपल्यावर कॉलनीच्या अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आजच्या पिढीतही एवढी भावना आहे म्हणून समाधान व्यक्त केलं.

मग 25 ऑगस्ट उजाडला. त्या दिवशी घरी गौरी आल्या. उंबऱ्यापासून पावलं काढली, भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला, आणि रात्री बातमी आली की मेस्सीने क्लबला ब्युरोफॅक्स पाठवलाय, मला जाऊ द्या. भाचा मखरासमोरच मटकन बसला. वहिनीने त्याला उठवलं आणि म्हणाली, "गौरीही परवा जातील. त्यांच्यासाठी नाही कधी डोळे पुसलेस ते!"

ब्युरोफॅक्स ही स्पेनच्या टपाल खात्याची सेवा आहे. पत्र पोहोचलं याचा आणि पत्रात नेमकं काय लिहिलं होतं याचा, दोन्हींचा कायद्यात टिकणारा पुरावा तिच्यात राहतो. हे मला आता ठाऊक आहे, कारण पुढचे दहा दिवस रायपुरात दुसरा विषय नव्हता. निदान आमच्या गल्लीत नव्हता. शेजारी डाक खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. तोवर फुटबॉल म्हणजे पावसाळ्यात खिडकीची काच फोडणारी वस्तू, एवढीच त्यांची माहिती. ब्युरोफॅक्स कळल्यावर ते मास्क लावून थेट आमच्या व्हरांड्यात आले.

"म्हणजे आपलं रजिस्टर एडीच, पण मजकुरावरही शिक्का. उत्तम सोय. पोचपावतीवर सही कुणाची आहे?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"आवक क्रमांक पडला का? अरे बाबू, आवक क्रमांक नसेल तर ते पत्र नव्हे, कागद आहे!"

त्या दिवसापासून काका आमच्या भागातले मेस्सीचे अधिकृत प्रवक्ते झाले. खरा तिढा मात्र पत्राचा नव्हता, तारखेचा होता. हंगाम संपल्यावर फुकटात क्लब सोडायची मुभा मेस्सीच्या करारात होती, अट एवढीच की तसं 10 जूनपूर्वी कळवायचं. एरवी जूनपर्यंत हंगाम आटोपलेला असतो. त्या वर्षी करोनामुळे तो ऑगस्टपर्यंत लांबला. मेस्सीचं म्हणणं, हंगाम ऑगस्टमध्ये संपला, मी ऑगस्टमध्ये कळवलं. क्लबचं म्हणणं, कागदावर 10 जून लिहिलंय, आता जायचं तर 70 कोटी युरो मोजा. आपल्या पैशात सहा हजार कोटींच्या वर.

यावर चौकात दोन तट पडले. ज्या पोरांनी स्वतःच्या खोलीचा भाडेकरारही कधी वाचला नव्हता ती कलमाचा हेतू आणि कलमाची अक्षरं यांतला फरक एकमेकांना समजावून देऊ लागली. एकाने प्रस्ताव मांडला की यंदा मांडव नाही, गणपतीची पावतीपुस्तकं कोरी पडलीत, वर्गणी काढू. सगळे हेलावले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की 70 कोटी युरो भरले तर मेस्सी जातो, राहत नाही. पुस्तकं परत कपाटात गेली. लेखा विभागातून निवृत्त झालेल्या दुसऱ्या काकांचं मत अगदी वेगळं होतं. त्यांच्या मते मार्च एंडची बिलं एप्रिलमध्ये काढून त्यांवर 31 मार्चची तारीख घालणं हे आपल्या देशात सर्रास चालतं, मग स्पेनमध्ये 10 जून ऑगस्टमध्ये का येऊ नये?

आत्याला या आकड्यांत रस नव्हता, पण एका आकड्याने तिला जिंकलं. 2013 मध्ये आर्सेनलने लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझसाठी 4 कोटी पौंड आणि वर 1 पौंड अशी बोली लावली होती. करारात 4 कोटींच्या वरचं कलम आहे, म्हणून हा वरचा एक. आहेराच्या पाकिटावर रुपयाचं नाणं चिकटवायची पद्धत इंग्रजांतही आहे, हे ऐकून आत्या गहिवरली. लिव्हरपूलने नवरदेव दिला नाही तो नाहीच. पुढच्याच वर्षी तो बार्सिलोनाला गेला.

30 ऑगस्टला क्लबने सगळ्या खेळाडूंना करोनाच्या तपासणीला बोलावलं. मेस्सी गेला नाही. स्पेनच्या वर्तमानपत्रांना याचं केवढं आश्चर्य! त्या दिवसांत रायपुरात तपासणीची गाडी चौकात उभी राहिली की आख्खी गल्ली मागच्या दाराने तलावाकडे फिरायला निघायची. त्याच दिवशी स्पॅनिश लीगनेही क्लबची बाजू उचलून धरली. तारीखवाल्यांनी चहा पाजला, हेतूवाल्यांनी तो मास्क न काढता नाकारला.

आणि 4 सप्टेंबरला मेस्सीने मुलाखत देऊन सांगितलं की मी राहतोय. ज्या क्लबने मला सगळं दिलं त्याला मी कोर्टात खेचणार नाही. पुढे म्हणाला, जायचं ठरवलंय असं घरी सांगितलं तेव्हा बायको आणि पोरं रडायला लागली. पोरांना शाळा बदलायची नव्हती.

इथे मात्र आमच्या घरातली सगळी ज्येष्ठ मंडळी एका झटक्यात मेस्सीची भक्त झाली. मुलांची शाळा! बदली रद्द करण्याचा एकही अर्ज आजवर या कारणाशिवाय लिहिला गेलेला नाही. पहिल्या परिच्छेदात मुलांचं शैक्षणिक सत्र, दुसऱ्यात वृद्ध आईचं आजारपण, शेवटी "सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा". एवढा मोठा माणूस, पण आपल्यासारखंच कारण दिलं, म्हणून मावशीने त्याच्या फोटोकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. पेढे वाटायला हवे होते, पण पितृपक्ष लागला होता. आईने निकाल दिला की पेढे नाहीत, वडे चालतील. मेस्सी राहिल्याचा आनंद श्राद्धाच्या वड्यांनी साजरा करणारं रायपूर हे जगातलं एकमेव शहर असावं.

काळीबाडीकडे राहणारे एक बंगाली दादा हे सगळं दुरून, थोड्या कीव करणाऱ्या नजरेने पाहत होते. कलम काय, ब्युरोफॅक्स काय! त्यांच्या तरुणपणी कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यात दलबदलाचा मोसम आला की क्लबची माणसं खेळाडूला उचलून कुणाच्या तरी घरी दडवून ठेवत. खाऊ-पिऊ घालत, फोन देत नसत आणि नोंदणीच्या दिवशी थेट कार्यालयात नेऊन सही घेत. "बार्सिलोनात कुणाला एक जास्तीची खोली नाही?" दादांनी विचारलं.

बार्सिलोनात नसेल, पण रायपुरात आहे. 2022 च्या जूनमध्ये राज्यसभेच्या निवडणुकीआधी हरियाणातले काँग्रेसचे आमदार फुटू नयेत म्हणून इथे आणून ठेवले होते. ऑगस्टअखेर झारखंडचे सत्ताधारी आमदार विमानाने आले, तेही त्याच कारणासाठी. नवा रायपूरच्या रिसॉर्टात दोन्ही संघांची उत्तम बडदास्त ठेवली गेली. दुसऱ्या संघात जाऊ शकणाऱ्या खेळाडूला तळ्याकाठी बसवून, पोटभर जेवू घालून, खिडकीतूनही निसटू द्यायचं नाही, ही विद्या या शहराइतकी फार थोड्या शहरांना अवगत असेल. बार्सिलोनाने वेळेवर विचारायला हवं होतं.

मधलं वर्ष कसंबसं गेलं. लुईस सुआरेझला नव्या प्रशिक्षकांनी फोनवरच नारळ दिला. तो अॅटलेटिको माद्रिदला गेला आणि 21 गोल करून त्यांना लीग जिंकून दिली. भाच्याने त्याचा फोटो भिंतीवरून काढला नाही, फक्त उलटा केला. जानेवारी 2021 च्या शेवटी "एल मुंदो" या वर्तमानपत्राने मेस्सीचा करारच छापला: चार हंगामांचे जास्तीत जास्त साडेपंचावन्न कोटी युरो. म्हणजे जवळपास पाच हजार कोटी रुपये. लेखावाल्या काकांनी चष्मा पुसून दोनदा आकडा वाचला आणि एकच शंका काढली, यात घरभाडं भत्ता धरलाय की वेगळा? त्यांना आणखी एका गोष्टीचा धक्का बसला. याच मेस्सीची क्लबबरोबरची पहिली बोलणी डिसेंबर 2000 मध्ये एका कागदी नॅपकिनवर लिहून पक्की झाली होती. "पन्नास रुपयांचा स्टॅम्प पेपर मिळत नव्हता का तिथे?" त्या नॅपकिनला 2024 च्या मे महिन्यात लिलावात साडेसात लाख पौंडांच्या वर किंमत आली. काकांनी त्यानंतर कागदाच्या दर्जाविषयी बोलणं सोडलं.

30 जून 2021 च्या मध्यरात्री करार संपला. 1 जुलैला जगातला सर्वात नावाजलेला खेळाडू कुणाच्याच हजेरीपटावर नव्हता. पण पोरं निर्धास्त. "काही नाही मामा, सही होऊन राहिली." 11 जुलैच्या पहाटे अर्जेंटिनाने माराकानावर ब्राझीलला 1-0 ने हरवून कोपा अमेरिका जिंकली, मेस्सीच्या हातात एकदाचा देशासाठी मोठा चषक आला आणि पोरांनी पोहे-जिलेबी वाटली. सही मात्र होऊनच राहिली होती.

5 ऑगस्टला सकाळी टोकियोत भारताने जर्मनीला 5-4 ने हरवून हॉकीचं कांस्य जिंकलं. 41 वर्षांनी ऑलिम्पिक पदक! हे हॉकीचं राज्य आहे, राजनांदगावच्या हॉकीबद्दल इथे आदराने बोलतात. गल्लीत फटाके वाजले. रात्री बार्सिलोनाने चार ओळींत कळवलं की मेस्सी जातोय. दोघांचीही राहण्याची इच्छा होती, पण लीगच्या आर्थिक नियमांत ते बसत नाही. सकाळी नाचलेली पोरं रात्री त्याच पायरीवर बसली होती. चहावाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "जावन दे न भइया, पइसा जादा मिलही त कोन रुकही?"

पण तसंही नव्हतं. 8 ऑगस्टला रविवारी दुपारी साडेतीनला मेस्सी पत्रकारांपुढे आला. त्या दिवशी इथे हरेली होती. नांगर, कुदळ, गैंती धुऊन पूजायची, पोरांनी गेडीवर चढून गावभर फिरायचं, इडापिडा टळावी म्हणून दाराला कडुनिंबाची डहाळी लावायची. मराठी घरांत तीच दिव्यांची अवस. अशा दुहेरी मुहूर्तावर भाच्याने कडुनिंबाची एक डहाळी टीव्हीलाही खोचली. मेस्सीला न्यायला टपलेल्या पॅरिसच्या क्लबची नजर लागू नये म्हणून! मेस्सी बोलायला उभा राहिला आणि बोलण्याआधीच रडला. पुढच्या रांगेत बसलेल्या बायकोने कागदी रुमाल दिला. मग त्याने सांगितलं की मी पगार निम्मा करायलाही तयार होतो.

लेखावाले काका खुर्चीत सरळ झाले. "बदली थांबवायला खर्च करणारे मी पुष्कळ पाहिले. पण स्वतःचा पगार अर्धा करून घ्यायला तयार झालेला हा पहिलाच. आणि तरी थांबली नाही?" ते बराच वेळ गप्प राहिले. "मग आदेश फार वरून आला असणार."

10 ऑगस्टला मेस्सी पॅरिस सेंट-जर्मेनचा झाला. बार्सिलोनासाठी 778 सामने, 672 गोल, आणि आता पाठीवर 30 नंबर. पंडरीत 30 नंबरची जर्सी लागलीच मिळू लागली. कापड तेच, शिलाई तीच. अर्ध्या पोरांनी ती घेतली, अर्ध्यांनी घेणाऱ्यांशी बोलणं टाकलं. दहा नंबरची जुनी जर्सी वहिनीने फरशी पुसायला मागितली होती, पण पॉलिएस्टर पाणी टिपत नाही म्हणून ती वाचली. आज कपाटात घडी घातलेली आहे.

खरं तर लांबून प्रेम करण्यात मोठी सुरक्षितता आहे. लुईस फिगो 2000 साली बार्सिलोना सोडून थेट रेआल माद्रिदला गेला, आणि 2002 मध्ये परत खेळायला आला तेव्हा त्याच्या दिशेने मैदानात डुकराचं मुंडकं भिरकावलं गेलं. आमच्या कोल्हापूरच्या पाहुण्यांना विचारा. तिथे एका तालमीचा खेळाडू दुसऱ्या तालमीकडून शाहू स्टेडियममध्ये उतरला, तर दुसऱ्या दिवशी तो दूध आणायला त्याच पेठेतून जाणार असतो. राग, प्रेम, उधारी, सगळं समोरासमोर. आमच्या पोरांना मेस्सी इथल्या तेलीबांधा तलावाच्या काठावर कधी भेटणार नाही, म्हणून ती निवांत रागावू शकतात. डिसेंबर 2025 मध्ये तो भारतात आला होता. कोलकाता, हैदराबाद, मुंबई, दिल्ली. रायपूर त्याच्या कार्यक्रमात नव्हतं.

एकदा आत्याने सहज विचारलं, "आपल्या इकडचं कुणी खेळत नाही का रे फुटबॉल?" खेळते ना. बालोद जिल्ह्यातली किरण पिस्दा भारताच्या महिला संघातून खेळते. बालोद रायपूरपासून दोन-अडीच तासांवर आहे. आत्याने पुढचं विचारलं, "मग ती सध्या कुठल्या क्लबात आहे?" मेस्सीच्या मुलांची शाळा, बायकोचं माहेर आणि कुत्र्याची जात तोंडपाठ असलेली सात-आठ पोरं मोबाइल काढून शोधायला लागली. या बाबतीत माझं मत स्वच्छ आहे: तिची बदली झाली तर या चौकात एक कप चहाही थंड होणार नाही, आणि याची लाज पोरांना नसली तरी मला वाटते.

असो. जुलै 2025 मध्ये बार्सिलोनाने दहा नंबर लामिन यमाल नावाच्या मुलाला दिला. नुकता अठरा वर्षांचा झालेला. करार जून 2031 पर्यंत, सोडून जायची किंमत 1 अब्ज युरो. भाच्याने नवी जर्सी घेतली आहे आणि हा कुठे जाणार नाही याची त्याला खात्री आहे. डाक खात्यातले काका आता थकलेत, पण बातमी कळताच त्यांनी निरोप धाडला. तो तुमच्या ओळखीत कुणी बार्सिलोनाला असेल तर जरूर पोहोचवा: जायचं असो की राहायचं असो, पत्र 10 जूनच्या आत टाक, आणि पोचपावती जपून ठेव.